आधी पाय बघावा

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीची मुलगी चार दिवस सुटीवर कोल्हापूरला आली होती. नात्याने मी तिचा मामाआजोबा. पण एवढा लांबलचक शब्द तोंडात मावत नाही म्हणून लहानपणापासून ती मला नुसते ‘आबा’ म्हणते. आमच्या घराण्यात आजवर शिक्षक झाले, कारकून झाले, एक तलाठी झाला आणि मी बँकेत अधिकारी झालो. डिझायनर मात्र ही पहिलीच. चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ती पुण्यातल्या एका स्टुडिओत नोकरीला लागली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. पण पेढे खाणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ही मुलगी नेमके काय करणार, हे कळलेले नव्हते. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आक्काने, शेजारणीला सांगून टाकले, ‘‘कपडे शिवायचं मोठं शिक्षण झालंय तिचं.’’

नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळ आटोपल्यावर ती माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेऊन बसली. चेहरा उतरलेला. म्हणाली, ‘‘आबा, मी राजीनामा लिहून ठेवलाय. आईला अजून सांगितलं नाही.’’

‘‘का गं? पगार वेळेवर देत नाहीत?’’ बँकेतल्या माणसाला पहिली शंका पैशाचीच येते.

‘‘पगार देतात. पण काम बघा ना. सहा महिने झाले, मी लोणच्याच्या पुडीची मागची बाजू करतेय. पुढची बाजू म्हणजे नाव, कैरीचं चित्र, रंग, ते सगळं मोठी माणसं करतात. मी मागचा मजकूर बसवते. घटक पदार्थ, वजन, किंमत, तारीख, पत्ता. यासाठी का चार वर्षं शिकले?’’

मी काही बोलण्याआधीच बाहेरून भाचीचा आवाज आला, ‘‘मामा, तुम्हीच जरा समजवा तिला!’’ म्हणजे आईला सगळे ठाऊक होते. आयांना ते असतेच.

आता समजवायचे म्हणजे काय करायचे? पासष्टीला आलेल्या माणसाजवळ उपदेशाचा साठा भरपूर असतो. ‘धीर धर, दिवस बदलतील’ एवढे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण तेवढ्यात माझ्या कपाटातला एक खाकी लिफाफा मला आठवला आणि तोंडातला उपदेश तोंडातच राहिला. त्या लिफाफ्याविषयी पुढे सांगतो. त्या क्षणी मी एवढेच म्हटले, ‘‘चपला घाल. जरा गावात फिरून येऊ.’’

ग्रेड आणि तांब्या

वाटेत माझ्या मनात येत होते की, सुरुवातीच्या काळात चांगला डिझायनर कोणाला म्हणायचे? हा प्रश्न आता पुष्कळ घरांत पडू लागला आहे. आमच्या पिढीत मुलाची चित्रकला चांगली असली, तर त्याला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवत. ‘ए’ ग्रेड मिळाली की प्रमाणपत्राला चौकट करून ते भिंतीवर टांगत आणि मुलाला वाणिज्य शाखेत घालत. आता काळ बदलला. मुले सरळ सांगतात, आम्हाला डिझाइन करायचे आहे. आणि आईवडील म्हणतात, त्याचा हात चांगला आहे, तेव्हा जमेल त्याला.

हात चांगला असणे ही मोठीच गोष्ट आहे. पण चित्र काढणे आणि डिझाइन करणे यांत एक फरक आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या तांब्यावरून चटकन कळतो. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून इथे हिंडले. आपल्याकडे डिझाइनचे शिक्षण कसे असावे, याचा अहवाल त्यांनी लिहिला आणि त्यातूनच पुढे 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या जोडप्याला साऱ्या देशात सर्वांत जास्त काय आवडले असेल, तर तो साधा तांब्या! तांब्या घडवायचा तर किती प्रश्न सोडवावे लागतील, याची एक यादीच त्यांनी अहवालात दिली आहे. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावरून नेणार की कमरेवरून, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहील, हात आत घालून घासता येईल का, किंमत किती पडेल, अशा गोष्टी येतात. तांब्या कोणा एका माणसाने काढलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या उत्तरांतून तो आकार घडत गेला.

म्हणजे चित्रकाराला विचारायचे, ‘तुला काय दिसले?’ आणि डिझायनरला विचारायचे, ‘वापरणाऱ्याला काय लागते, ते तुला दिसले का?’ पहिल्या दिवसापासून ज्याला हा दुसरा प्रश्न पडतो, तो माझ्या मते चांगला नवशिका. हात पुढे तयार होतो. प्रश्न पडायची सवय मात्र लवकर लागलेली बरी.

खरी कॉर्नरचा कॅमेरा

बिनखांबी गणेश मंदिरापासून चालत आम्ही खरी कॉर्नरला आलो. तिथे चौकात कॅमेऱ्याचे स्मारक आहे. कोल्हापूरकर त्याच्या बाजूने रोज शंभरदा जातात, पण मान वर करून बघणारे थोडे. माझ्या नातीनेही ते लहानपणापासून पाहिले होते, पण ते कशाचे, हे तिला धड माहीत नव्हते.

मी तिला बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगितली. आडनाव मेस्त्री. जन्म 1890 चा, याच कोल्हापुरातला. घराणे कारागिरांचे, वडील कृष्णराव लाकूडकामात आणि धातुकामात तरबेज. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत. चुलतभाऊ आनंदराव आणि ते, दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला घेतले. राजवाडा, अरण्य, रस्ता, देऊळ. आज कोणी म्हणेल, मोठ्या कलावंताने पडदे का रंगवायचे? पण पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट शिकावीच लागते. शेवटच्या रांगेत चार आण्यांचे तिकीट काढून बसलेल्या माणसालाही अरण्य हे अरण्य दिसले पाहिजे. जवळून सुंदर आणि लांबून नुसता चिखल, असा पडदा कंपनीच्या मालकाला चालत नाही.

पुढे 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. कॅमेरा विकत घ्यायला पैसा नव्हता. म्हणून मुंबईच्या चोरबाजारातून एक प्रोजेक्टर आणला, तो खोलून बघितला, त्यावर चित्रे दाखवली, आणि यंत्र समजून घेऊन स्वतःच कॅमेरा बनवायला बसले. तो पुरा व्हायच्या आधीच, 1916 साली आनंदराव वारले. अर्धे यंत्र आणि अर्धी जोडी मागे राहिली. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन 1918 च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली तिचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ पुण्याला लागला. लोकमान्यांनी तो पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, असे सांगतात.

नातीला मी सांगत होतो, ती खरी गोष्ट यापुढची. पडदे रंगवण्यात ज्याने उमेदीची वर्षे घातली, त्याच माणसाने चित्रपटात आल्यावर रंगवलेले पडदे दूर सारले. नाटकात चालतो तो पडदा कॅमेऱ्यापुढे खोटा दिसतो, हे त्यांनी ओळखले आणि माणसे वावरतील असे भरीव देखावे उभे केले. पात्रांचे पोशाख, त्यांच्या हालचाली, प्रसंगाची मांडणी, सगळे ते आधी कागदावर रेखाटत. ‘सिंहगड’ 1923 चा. त्यात रात्र दाखवायची म्हणून त्यांनी विजेच्या दिव्यांचा उपयोग केला. चित्रपटांची पोस्टरे स्वतः काढली. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर आजही जुन्या भारतीय पोस्टरांचा नमुना म्हणून अभ्यासक दाखवतात. आणि 1925 चा ‘सावकारी पाश’ म्हणजे कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी. बँकेत तीन दशकांहून जास्त काळ कर्जप्रकरणे पाहिलेल्या माझ्यासारख्याला ते नाव नुसते ऐकूनही मान खाली घालावीशी वाटते.

‘‘आपल्याला जे उत्तम येतं, तेच बाजूला ठेवायचं? अवघड आहे, आबा,’’ नात म्हणाली.

अवघड आहेच. पण चांगल्या नवशिक्याची ती दुसरी खूण आहे. स्वतःच्या पहिल्या चित्रावर प्रेम जडणे सोपे. ते कामाला येत नाही हे दिसल्यावर फाडून टाकणे कठीण.

त्याच कंपनीत 1920 साली जेमतेम एकोणीस वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर तिथे होते, त्यांच्या ओळखीने आला. त्याला कोणी खुर्ची देऊन ‘दिग्दर्शक हो’ म्हटले नाही. पडेल ते काम करत तो शिकला. उचलाउचल करायची, रंग कालवायचे, हवे तेव्हा तोंडाला रंग लावून उभे राहायचे. ‘सावकारी पाश’मधला तरुण शेतकरी तोच. त्याचे नाव शांताराम वणकुद्रे, म्हणजे आपले व्ही. शांताराम. दामले आणि फत्तेलाल हेही याच घरात तयार झाले. 1929 साली या मंडळींनी धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू केली. 1933 साली ती पुण्याला गेली. ‘प्रभात’च्या चित्रपटांतले देखावे आजही डोळ्यांपुढून हलत नाहीत, त्यामागे साहेबमामा फत्तेलालांची नजर आहे. ती नजर महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या धुळीत, दुसऱ्याच्या हाताखाली तयार झाली होती.

शिष्य निघून गेल्यावर बाबूरावांची कंपनी फार टिकली नाही. ते पुन्हा चित्रांकडे आणि शिल्पांकडे वळले आणि 1954 साली गेले. गोष्टीचा शेवट गोड नाही, हे मी नातीपासून लपवले नाही. डिझाइन म्हणजे यशाची हमी, असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आणखी एक नाव मी मुद्दाम सांगितले. या कंपनीला भांडवल पुरवले, ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. कॅमेरा हाताने बनवणारी ही माणसे. त्यांच्यापाशी तारण ते काय असणार? तरीही त्या बाईंनी पैसा दिला. हे सांगताना माझा आवाज किंचित घोगरा झाला असावा, कारण नातीने माझ्याकडे वळून पाहिले. मी म्हटले, ‘‘चल, चप्पल लाइनीत जाऊ.’’

रापी, आरी आणि पाय

शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत माझे एक जुने ओळखीचे कारागीर आहेत. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे. बँकेत असताना त्यांच्या कर्जाचे हप्ते कधी चुकले नाहीत, म्हणून ओळख टिकली. आणि त्यांच्या चपला माझ्या पायाला कधी लागल्या नाहीत, म्हणून स्नेह टिकला.

कोल्हापुरी चप्पल आपण रोज बघतो, पण ती वाचत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे. तळ, टाच, दोन्ही बाजूंचे कान, मधला पट्टा, अंगठा, वर वेणी. शिलाई चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. मूळ आकार एकच असला तरी कापशी वेगळी, कुरुंदवाडी वेगळी. वेणी घालायचे आणि बारीक शिवणीचे काम बहुधा घरातल्या बाया करतात. दुकानाच्या पाटीवर त्यांचे नाव नसते.

नातीने त्यांना विचारले, ‘‘काका, नवीन मुलगा शिकायला आला, तर पहिल्यांदा काय शिकवता?’’

त्यांनी रापी खाली ठेवली. ‘‘काय शिकवतोय? बसवतोय. वरीसभर नुसता बस म्हणतो. तळ कापायचा, वादी भिजवायची, माझी आरी कुठं जाती ती बघायची. आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडं न्हाई, पायाकडं बघायचं. पोरी, आधी पाय बघावा. चामडं मागनं.’’

‘‘पायात काय बघायचं?’’

‘‘अंगठा उजवीकडं वळलाय का. टाचेला भेगा हाईत का, म्हंजे माणूस रानात चालतोय. एका पायावर भार देतोय का. सगळं पाय सांगतोय. आता पोरं येत्यात, मोबाइलमधलं चित्र दावत्यात, हे करून द्या म्हणत्यात. चित्राला कुठला पाय?’’

नात हसली, मग गप्प झाली. तिने स्वतःच्या चपलेकडे पाहिले. कारागिरांनीही पाहिले आणि म्हणाले, ‘‘डावी लागतीया न्हवं तुला? करंगळीपाशी.’’ खरोखरच लागत होती. ती सकाळपासून बोलली नव्हती.

बोलता बोलता गोष्ट मिलानच्या प्रकरणावर आली. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. इथे ओरड झाली. मग कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतातल्या हस्तकारागिरीची असल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला 2019 सालीच भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आहेत आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार.

मला वाटले होते, कारागीर चिडून बोलतील. ते एवढेच म्हणाले, ‘‘घ्यावं की. आमीबी आमच्या बापाचं घेतलंय. पण कुणाचं घेतलं ते सांगावं.’’

नवशिक्यांच्या शिक्षणात हे एक वाक्य घालायला हरकत नाही. कोणतेही काम शून्यातून होत नसते. जुन्यातून घ्यावे लागते, दुसऱ्याकडून घ्यावे लागते. घेतलेले नाव घेऊन सांगतो तो विद्यार्थी, आणि न सांगता खपवतो त्याला आपल्या गावाकडे जो शब्द आहे तो छापता येत नाही.

खाकी लिफाफा

दुपारी जेवणे झाली. आता लिफाफ्याची गोष्ट.

1988 साल असेल. मी एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसे. एके दिवशी बाजार उलगल्यावर बाविसेक वर्षांचा एक मुलगा माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, बैलगाड्या, ट्रकच्या फळ्या रंगवायचा. वडील मार्केट यार्डात हमाल. त्याला स्वतःचे छोटे दुकान काढायचे होते. टेबल, एअर ब्रश, थोडे रंगसामान. साडेसात हजारांचे कर्ज हवे होते.

मी विचारले, तारण काय? काही नव्हते. जामीनदार? पगारदार असे दोन कोण मिळणार? हिशेबाची वही? तो गप्प. मग त्याने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, ‘‘साहेब, माझं काम बघा. तुमची पैसे भरायची स्लिप मी नवीन काढलीय. लोकांना ती भरता येत न्हाई. मागं सगळं लिहिलंय, साहेब.’’

मी कागदावर नजर टाकली. पट्टी लावून, शाईने काढलेली स्वच्छ स्लिप. मराठी अक्षर वर आणि मोठे. खातेक्रमांकाला एकेका आकड्याची चौकट. शंभराच्या नोटा किती, पन्नासाच्या किती, हा तक्ता आमच्या स्लिपेत पाठीमागे असे. त्याने तो पुढे घेतला होता. मला जरा हसू आले. बँकेची स्लिप बदलायला निघालाय, आणि जामीनदार नाही! ‘‘बघतो,’’ असे म्हणून मी कागद खणात सरकवला. जामीनदार आण, मग बोलू, असे सांगितले. तो पुन्हा आला नाही.

नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. कर्ज नाकारण्याची कारणे कागदोपत्री चोख होती. पण ती स्लिप वरच्या कार्यालयाकडे पाठवायला मला तारण लागणार नव्हते, जामीनदार लागणार नव्हता. एक पाकीट आणि चार ओळींचे पत्र पुरले असते. तेही मी केले नाही. आणि त्या काळात मी स्वतः रात्री जागून माझी पहिली कादंबरी लिहीत होतो; कोणीतरी आपले बाड उघडून वाचावे म्हणून प्रकाशकांचे उंबरे झिजवत होतो! माझ्यासारख्याच दुसऱ्या नवशिक्याचा कागद हातात आला, तेव्हा मी तो खणात सरकवला.

बदली झाली तेव्हा खणातल्या कागदांबरोबर तो माझ्याकडे आला. निवृत्तीनंतर आवराआवर करताना सापडला. तेव्हा मी त्या गावी एक फेरी मारली. बसस्थानकासमोर पेंटरांच्या तीन टपऱ्या असत. फ्लेक्सचे फलक आल्यापासून एकही उरलेली नव्हती. मुलाचे नाव धड आठवत नव्हते. कोणाला विचारणार? कागद खाकी लिफाफ्यात घालून कपाटात ठेवला.

हे सगळे मी नातीला सांगितले आणि लिफाफा तिच्या हातात दिला. तिने कागद खिडकीशी नेला. पहिल्यांदा ती डिझायनरसारखे बोलली. ही रेघ जाड झालीय, इथे जागा जास्त सुटलीय, पण आकड्यांच्या चौकटी उत्तम. मग सहज तिने कागद उलटा केला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

‘‘आबा, हे तुम्ही वाचलंय?’’

‘‘काय?’’

पाठीमागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेले होते. वर ‘बाजारचा दिवस, सकाळी 11 ते 2’. खाली कॅशियरने परत केलेल्या स्लिपांची मोजदाद, पाचापाचाच्या रेघा मारून. मागची बाजू कोरी राहिली : 19. अक्षरी रक्कम चुकली : 11. खातेक्रमांक चुकला : 8. चष्मा घरी राहिला : 5.

तो मुलगा तीन तास आमच्या शाखेतल्या बाकावर बसून होता. माझ्यापासून पंधरा फुटांवर. शेतकऱ्यांच्या स्लिपा मोजत. कर्ज मागायच्या आधी त्याने त्याचे काम करून ठेवले होते. ‘मागं सगळं लिहिलंय, साहेब,’ असे त्याने सांगितलेही होते.

‘‘लोक मागची बाजू बघत नाहीत, म्हणून त्यानं तक्ता पुढं घेतला,’’ नात हळू म्हणाली. ‘‘आणि आबा, तुम्हीसुद्धा बघितली नाही.’’

सदतीस वर्षे तो कागद माझ्याजवळ होता.

यापेक्षा जास्त उपदेश मी तिला केला नाही; करायला तोंडही नव्हते. चांगला नवशिका कसा असतो, हे मी आयुष्यात एकदा अगदी जवळून पाहिले होते आणि ओळखले नव्हते. तो तीन तास बाकावर बसतो. मोजतो. ज्याला चष्मा विसरायची सवय आहे, त्याचीही नोंद करतो. मग पट्टी आणि शाई हातात घेतो. एवढेच. आणि आपण वडीलधारी माणसे, नोकरी देणारी, कर्ज देणारी, लग्नाची स्थळे बघणारी, त्याला विचारतो, जामीनदार कोण?

भाऊबीज करून नात पुण्याला गेली. राजीनाम्याचे काय केले, हे मी विचारले नाही. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. कामावरून सुटल्यावर ती चार संध्याकाळी एका किराणा दुकानात उभी राहिली होती, दुकानदाराची परवानगी घेऊन. लोणच्याची पुडी कोण उलटून बघते, आणि काय बघते, हे मोजत. बहुतेक बायका दोनच गोष्टी शोधतात, म्हणाली, तारीख आणि किंमत. आणि त्यांच्या पुडीवर तारीख नेमकी मागच्या चिकटपट्टीच्या घडीत जाते. एक आजी पुडी दिव्याखाली धरून सुनेला विचारत होत्या, ‘बाई, हे कधीचं गं?’

‘‘मग? सांगितलंस वरिष्ठांना?’’

‘‘सांगितलं. ऐकून घेतलं. बघतो म्हणालेत.’’

‘बघतो’ या शब्दाचा अर्थ मला चांगलाच ठाऊक आहे. म्हणून म्हटले, ‘‘आठ दिवसांनी पुन्हा विचार. आणि तोंडी नको, कागदावर दे. पुढच्या बाजूला लिही.’’

त्या तालुक्याच्या गावचा तो पेंटर आता साठीच्या घरात असेल. रविवारची पुरवणी त्याच्या घरी येत असेल, तर त्याला एवढे कळावे, म्हणून हा लेख. तुमचा कागद माझ्याकडे सुरक्षित आहे. उशीर फार झाला, पण मागची बाजू वाचली.